बाथ ते डिवायझेस : कालव्यातील बोट आणि काठावरची वीज

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही एका मित्राच्या नॅरोबोटीने (कालव्यांसाठी बांधलेल्या लांबट, अरुंद बोटीने) इंग्लंडमधील केनेट अँड एव्हन कालव्यातून बाथ ते डिवायझेस असा प्रवास केला. डंडास आणि एव्हनक्लिफ येथील जलसेतू, तसेच शेवटी केन हिलच्या चढावर लागणारे 29 लॉक (बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) यांची वर्णने पुष्कळ सापडतात. बोटीच्या बॅटऱ्या काठावरच्या विजेवर कशा चार्ज कराव्यात, हे मात्र मराठीत कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून हा वृत्तांत त्यापुरताच ठेवला आहे.

बोटीवरील दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज 12 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतात. उन्हाळ्यात छतावरचे सौर पॅनेल बराच भार उचलते, पण ऑक्टोबरच्या ढगाळ, आखूड दिवसांत त्याच्यावर विसंबता येत नाही. त्यातच रात्री 8 ते सकाळी 8 या वेळेत मुक्कामी इंजिन चालवू नये, असा कालव्यावरचा दंडक आहे. त्यामुळे वाटेत एक रात्र मरीनात, म्हणजे बोटी नांगरण्याच्या धक्क्यावर, काढून तेथील वीज घेणे सोयीचे ठरले.

धक्क्यावरच्या खांबावर निळे, तीन पिनांचे, 16 अँपिअरचे सॉकेट असते. प्रथम खांबावरचा ब्रेकर बंद करावा, मग केबलचे टोक बोटीच्या सॉकेटमध्ये बसवावे, त्यानंतर दुसरे टोक खांबात घालून ब्रेकर चालू करावा. हा क्रम उलटला, तर वीज वाहणारे टोक हातात धरून ओल्या कठड्यावरून बोटीत उतरण्याची वेळ येते. केबल गुंडाळीतून पूर्ण सोडवावी, कारण गुंडाळलेली केबल भाराखाली तापते. ती पाण्यात लोंबकळत मात्र ठेवू नये. वीज सुरू झाल्यावर बोटीवरच्या आरसीडीचे (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या कळीचे) चाचणीचे बटण दाबून वीज खरोखर तुटते का, ते पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित विषय अर्थिंगचा आहे. नॅरोबोटीचे बूड पोलादी असते. केबलमधील अर्थिंगची तार आपली बोट शेजारच्या बोटींशी आणि धक्क्याच्या लोखंडाशी जोडते, मधल्या पाण्यामुळे एक मोठा विद्युतघट तयार होतो आणि आपले मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड (बुडाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेले धातूचे तुकडे), ते संपल्यावर बुडाचे पोलाद, झिजू लागते. यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हा आहे : अर्थिंगच्या तारेत बसवलेले हे यंत्र साधारण एका व्होल्टपर्यंतचा हा क्षीण प्रवाह अडवते, पण बिघाड झाल्यास मोठा प्रवाह जमिनीकडे जाऊ देते. गंज टाळण्यासाठी अर्थिंगची तारच कापून टाकण्याचा सल्ला काही अनुभवी मंडळी बिनदिक्कत देतात. तो ऐकू नये, कारण त्या अवस्थेत चार्जर बिघडला तर अख्खे बूड विजेने भारले जाऊ शकते. मरीनात कोणी पाण्यात पडलेच, तर उडी मारण्याआधी वीज बंद करावी.

चार्जिंगला वेळ लागतो, हे आधीच गृहीत धरावे. शिसे-आम्लाची बॅटरी स्थिर अवस्थेत 12.2 व्होल्ट दाखवत असेल, तर ती जवळजवळ निम्मी रिकामी आहे असे समजावे आणि त्याखाली सहसा जाऊ नये. 220 अँपिअर-तासांच्या निम्म्या रिकाम्या संचाला 30 अँपिअरचा चार्जर पहिले काही तास झपाट्याने भरतो, पण शेवटचा पाचवा हिस्सा अतिशय सावकाश भरतो. दोन तासांच्या चहापाण्याच्या थांब्यात म्हणूनच काम होत नाही. चार्जरवर बॅटरीचा प्रकार तपासावा. जेल बॅटरीला साध्या बॅटरीचा व्होल्टेज सोसत नाही, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो सुमारे 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. तो हलका असल्याने बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूने वाट हवी. आमच्या बोटीत त्या झडपेवर कोणीतरी रेनकोट वाळत घातले होते, ते आधी हलवले. टर्मिनल घट्ट करायचे असल्यास चार्जर बंद करूनच करावे. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग संपल्यावर घालावे. प्लेट उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरते आधी.

16 अँपिअर म्हणजे सुमारे 3,700 वॉट. इंग्लंडमधील किटली एकटीच 3,000 वॉटपर्यंत खाते, तेव्हा चार्जर चालू असताना किटली आणि हीटर एकत्र लावू नयेत. निघताना आधी ब्रेकर बंद करून खांबाकडचे टोक काढावे, बोटीकडचे नंतर. अनेक मरीनांत विजेचे कार्ड आगाऊ विकत घ्यावे लागते आणि कार्यालय संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून आदल्या दिवशीच फोन करून ठेवावा.