दोष घडवणारा शब्द

आज एका लेखाचा अनुवाद करताना ‘व्हिट्यूपरेशन’ या इंग्रजी शब्दापाशी लेखणी अडली. वहीत ‘निंदा’, ‘निर्भर्त्सना’, ‘शिवीगाळ’ असे एकाखाली एक लिहून पाहिले, पण एकही चपखल बसेना, म्हणून मी व्युत्पत्तीकडे वळलो. लॅटिनमधील ‘वितिउम’ म्हणजे दोष आणि ‘पारारे’ म्हणजे तयार करणे. या दोहोंपासून ‘वितुपेरारे’ हे क्रियापद झाले असे मानतात. दुर्गुण या अर्थाचा ‘व्हाइस’ हा शब्दही याच ‘वितिउम’चा वंशज आहे.

मला विशेष वाटले ते हे, की प्राचीन रोममध्ये अशी निंदा ही रागाच्या भरातली बडबड नव्हती. स्तुती आणि निंदा या वक्तृत्वाच्या एकाच शाखेच्या दोन बाजू समजल्या जात, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील क्विंटिलियन या वक्तृत्वशिक्षकाने लिहून ठेवल्याप्रमाणे, ज्या क्रमाने कुळ, स्वभाव आणि कृत्ये यांची प्रशंसा करायची त्याच क्रमाने त्यांची निंदाही रचायची असे. म्हणजे घाव घालण्याचेही रीतसर शिक्षण होते! हे वाचून मन खिन्न झाले.

अखेर ‘शिवीगाळ’ खोडून मी ‘दोषांचा भडिमार’ असे लिहिले आहे. याहून नेमका शब्द कोणाला सुचल्यास अवश्य कळवावा.