शॉर्ट सेलिंगचा आकडा आणि 'रिझॉल्व्ह्ड' तिकीट

शॉर्ट सेलिंगबद्दल, म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकून नंतर घेण्याबद्दल, ब्रोकरला काही विचारायचं असेल तर कस्टमर केअरला विचारूच नका. ब्रोकरच्या वेबसाइटवर पार तळाशी कम्प्लायन्स ऑफिसरचा (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्याचा) ईमेल असतो, थेट तिथे लिहा. हे आधी कोणी सांगितलं असतं तर कॉलेज रोडवरच्या शाखेतले माझे हेलपाटे वाचले असते.

माझा प्रश्न साधा होता. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे संस्थांनी ऑर्डर टाकतानाच सौदा शॉर्ट आहे की नाही ते सांगायचं. किरकोळ गुंतवणूकदाराने त्याच दिवशी बाजार बंद होईपर्यंत सांगितलं तरी चालतं. ब्रोकरने ही माहिती शेअरनिहाय गोळा करून दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत एक्स्चेंजला द्यायची आणि एक्स्चेंजने ती दर आठवड्याला जाहीर करायची. एनएसई या एक्स्चेंजच्या साइटवर बल्क आणि ब्लॉक डीलच्या (मोठ्या सौद्यांच्या) शेजारीच हा तक्ता सापडतो.

मी अधूनमधून इंट्राडेत (त्याच दिवशी मिटवायच्या सौद्यात) शॉर्ट मारतो. मग माझा सौदा या आकड्यात धरतात का? ॲपमध्ये तर तसं कळवायला कुठे जागाच दिसेना.

कस्टमर केअरचं पहिलं उत्तर आलं: 'आपली पोझिशन स्क्वेअर ऑफ झाली आहे.' म्हणजे सौदा मिटला. ते मला माहीत होतं, मीच केली होती. पुन्हा विचारलं, तर डिलिव्हरी न दिल्यास शेअर ऑक्शनला (लिलावाला) कसा जातो यावर निबंध आला. तक्रारीच्या तिकिटावर 'रिझॉल्व्ह्ड' (प्रश्न सुटला), वर पाच तारे द्या म्हणून विनंती. शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, तुमचे पैसे आले ना? मग हे कशाला बघता?" त्याचे साहेब कधी जेवायला, कधी मुंबईला. शेवटी भेटले तेव्हा ठामपणे म्हणाले, "हे फक्त इन्स्टिट्यूशनला लागू आहे." मी परिपत्रकाची प्रिंट नेली होती. किरकोळ गुंतवणूकदाराच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि "हेड ऑफिसला पाठवतो" म्हणाले. पाठवलं असेलही.

एक राहिलं. व्हॉट्सॲपवर 'एफआयआय (परदेशी संस्था) शॉर्ट डेटा' म्हणून जे फिरतं ते बहुतेक वेळा फ्युचर्स-ऑप्शन्समधलं ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेले सौदे) असतं. कॅश मार्केटच्या, म्हणजे प्रत्यक्ष शेअरच्या शॉर्ट सेलिंगशी त्याची गल्लत करू नका.

कम्प्लायन्सला लिहिताना परिपत्रकाची तारीख टाकली, कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती) जोडली आणि उत्तर न आल्यास स्कोर्सवर (सेबीच्या तक्रार पोर्टलवर) तक्रार करीन असंही लिहिलं. (स्कोर्सवर तक्रार गेली की ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आधी ब्रोकरला लेखी कळवलेलं हवं, तो मेल जपून ठेवा.) मग मात्र उत्तर आलं: 'आपल्याकडून माहिती न आल्याने सदर विक्री शॉर्ट म्हणून नोंदवलेली नाही.' म्हणजे सांगायला जागा द्यायची नाही आणि सांगितलं नाही म्हणून धरायचंही नाही!

लासलगावला कांद्याची आवक किती, किमान-कमाल भाव काय, हे शेतकऱ्याला त्याच दिवशी फोनवर कळतं. इथे आठवड्याचा आकडा, तोही शेअरनिहाय एकत्र. विकणारा कोण ते कळत नाही. युरोपियन युनियनमध्ये कंपनीच्या भांडवलाच्या ०.५ टक्क्यापुढे शॉर्ट गेलेल्याचं नावच जाहीर होतं. आपल्याकडे नावाचं जाऊ द्या, निदान त्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, एवढं तरी कळायला हवं.

आता शॉर्ट केला की तीनच्या सुमारास ब्रोकरला मेल टाकतो: शेअर अमुक, संख्या अमुक, विक्री शॉर्ट. परवा शाखेतून फोन आला. "काका, दर वेळी मेल करायची गरज नाही." म्हटलं, तेवढं लेखी द्या. अजून दिलेलं नाही.