हेच टोंगळे भेटतीन का मले?

२ नोव्हेंबर

वेचणीला बाया मिळत नाहीत, म्हणून सकाळपासून मीच ओटी बांधून कपाशीत. दुपारी घरी येऊन मेणबत्त्यांचा पुडा शोधू लागले तर मामाजी, माझे सासरे, बाजेवरून म्हणाले, "कायले जातं पोरी? तिले आता आपल्या प्रार्थनेची गरज नाही."

माहेर माझं अमरावतीचं, कॅथलिक. आजच्या दिवशी, म्हणजे ऑल सोल्स डेला, आम्ही सगळे कबरस्तानात जायचो. मिस्सा व्हायचा, फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जायचे, आणि आम्ही पोरं कुणाची मेणबत्ती आधी विझते ते बघत बसायचो. सासर यवतमाळ जिल्ह्यातलं, फ्री मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीतलं. इथे २ नोव्हेंबर ही एक साधी तारीख आहे.

हा वाद आमच्यात दरवर्षी होतो असं नाही, पण आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्यापासून तो घरातलाच झाला. कॅथलिक शिकवण अशी की देवाच्या कृपेत मरण आलं, पण माणूस अजून पुरता शुद्ध झाला नसेल, तर स्वर्गाआधी त्याला शुद्धीस्थानातून जावं लागतं, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा त्याला आधार होतो. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने १४३९ मध्ये आणि ट्रेंटच्या सभेने १५६३ मध्ये हे पक्कं केलं. शास्त्राधार म्हणून मक्काबींचं दुसरं पुस्तक दाखवतात. त्यात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. मामाजींच्या बायबलात ते पुस्तकच नाही. मी जे पान उघडायला जाते ते त्यांच्या प्रतीत बांधलेलंच नसतं, मग भांडायचं कसं?

त्यांचं उत्तर ठरलेलं. येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला काय सांगितलं? "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." आज! चोराला आज मिळतं, तर आयुष्यभर रविवार न चुकवलेल्या बाईला थांबावं लागेल? मामाजी रोज बायबल वाचतात, आणि ज्या पेनाने फवारणीचा खर्च लिहितात त्याच पेनाने समासात खुणा करतात. या 'आज'खाली तीन रेघा आहेत.

पण त्याच बायबलात मार्था आहे. भाऊ लाजर कबरीत, आणि ती येशूला म्हणते, शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. म्हणजे आज नाही, शेवटच्या दिवशी. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो. पाळकसाहेबांनी या दोन्हींची सांगड घालून दिली होती: आत्मा आत्ताच प्रभूजवळ, देह शेवटच्या दिवशी उठणार. माझ्या माहेरचे फादरही हेच सांगायचे. दोन्हीकडच्या विश्वासांगीकारात शेवटी तेच शब्द येतात, शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. वाद मधल्या मुक्कामाचा आहे, गाव एकच.

आणि खरं सांगायचं तर आत्याबाईंना त्या मधल्या मुक्कामाची काही पडली नव्हती. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा पाळकसाहेब भेटीला आले, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला, प्रार्थना केली. सगळं झाल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "पाळकसाहेब, उठीन तवा हेच टोंगळे भेटतीन का मले?"

टोंगळे म्हणजे गुडघे. मी तोंडाला पदर लावला. पाळकसाहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, पौल लिहितो तसं, अशक्त पेरलं जातं, सशक्त उठवलं जातं. टोंगळे नवे मिळतील, दुखणार नाहीत.

आत्याबाई जरा विचार करून म्हणाल्या, "मंग मले वळखन कोन?"

त्यांचं सगळं आयुष्य देहानेच गेलं होतं. निंदण, वेचणी, डोक्यावर गाठोडं. बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं, टाचांच्या भेगा. त्या बाईला देह टाकून हवेत तरंगणारा आत्मा व्हायचं नव्हतं, आणि दुखणारा देहही परत नको होता. धर्मपंडित ज्यावर जाड पुस्तकं लिहितात तो प्रश्न हाच की.

पाळकसाहेबांनी मग थोमाची गोष्ट सांगितली. कबरीतून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते, तो थोमाला म्हणाला, बोट लावून बघ. लूकच्या शुभवर्तमानात तर तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. हे ऐकून आत्याबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे भूक लागते तिथं," त्या म्हणाल्या. मरीया मग्दालियेला तो आधी माळीच वाटला होता, नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखलं, हे मला नंतर आठवलं. सांगायचं राहिलं.

त्या गेल्या तेव्हा शेजारच्या काकू दोन दिवस आमच्याकडेच होत्या. त्यांनी गीतेतलं सांगितलं, जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा देह बदलतो. मनापासून म्हणाल्या, मला बरंही वाटलं. नंतर विचारलं, तेरवी कधी? तेरवी नसते, प्रार्थनासभा असते, जेवण तिथेही असतं असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. आमच्या सभेत बोलणारे मात्र ख्रिस्ती असून काकूंच्याच वाटेने गेले. जो तो म्हणे, देह काय, मातीच, आत्मा सुटला. ऐकताना मला राग येत होता. मातीच असती तर धो धो पावसात, ढासळत्या काळ्या मातीत, चार जणांनी चिखलात उभं राहून एवढ्या निगुतीने खड्डा कशाला खणला असता? आपण पुरतो ते परत मिळायचं आहे म्हणून, असं आपणच म्हणतो ना?

पौलाचा दाखला बियाण्याचा आहे. पेरलेला दाणा मेल्यावाचून जिवंत होत नाही, आणि उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही. सरकी टोबणाऱ्याला हे शिकवायला नको. मात्र मामाजींची कुरकुर अशी की पौलाच्या काळात बियाणं घरचं होतं. आता कपाशीचं पाकीट दरसाल विकत आणा, संकरित वाणाची घरची सरकी पेरली तर मूळ झाडासारखं झाड येईल याचा भरोसा नाही. "पौलाले बीटी माहीत असती तर त्यानं गव्हावरच भागवलं असतं," असं म्हणून ते स्वतःच हसले.

आमचे हे नागपूरला हिस्लॉप कॉलेजात शिकले. ज्यांचं नाव त्या कॉलेजाला आहे ते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. ती वर्तुळं म्हणजे प्राचीन कबरी. नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीला तशीच आहेत, मी पाहिली आहेत. विदर्भातल्या अशा कबरींमध्ये मडकी, लोखंडी अवजारं, काही ठिकाणी घोड्यांचे अवशेष सापडले. इसवीसनापूर्वी पहिल्या सहस्रकातली ती माणसं काय मानत होती हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण मेलेल्याजवळ कुऱ्हाड ठेवणाऱ्याला तो नुसता धूर झाला असं वाटत नसावं. आत्याबाईंना त्यांचं पटलं असतं. कुऱ्हाडीऐवजी विळा मागितला असता, एवढंच.

संध्याकाळी मी गेलेच. मामाजी मागून विळा घेऊन आले. मी मेणबत्ती लावून प्रार्थना केली, त्यांनी तण कापलं. प्रार्थना करू नको म्हणाले नाहीत, 'आमेन'ही म्हणाले नाहीत.

कबरीला अजून दगड नाही. आमची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून आमच्या कबरस्तानातले जुने दगड सगळे कलले आहेत, आणि सगळ्यांनी सांगितलं की माती बसू द्या. आता बसली आहे. वचन कोणतं टाकायचं यावर परतताना पुन्हा जुंपली. मामाजींना तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं 'धाव संपवली आहे' हवं, मला येशूने मार्थेला सांगितलेलं 'पुनरुत्थान व जीवन मी आहे'. दगड कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. घरी येऊन मामाजींनी दोन्ही वचनांची अक्षरं मोजली आणि पेन खाली ठेवलं. शेवटी ठरलं ते असं: वचन कोरायचंच नाही, नुसते अध्याय आणि ओवीचे आकडे, दोन्ही पुस्तकांचे. आकड्यांना अक्षरांचाच दर लागतो का, ते उद्या फोन करून विचारायचं आहे.