तुम्ही विचारलंत म्हणून: घरचं टीमला किती सांगायचं?

‘घरी एवढं सगळं चालू असताना तुम्ही टीम कशी सांभाळलीत? टीमला सांगितलं होतंत का?’ हे मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या घरीही काहीतरी चालू असतं, हे आता आवाजावरूनच कळतं. म्हणून ‘तुम्ही फार खंबीर आहात’ हे वाक्य आधीच बाजूला ठेवू. खंबीरबिंबीर काही नव्हतं. वेळापत्रक होतं.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा नवीन टीम नुकतीच माझ्या हाताखाली आली होती. हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, साधारण आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास. शिवाय जाणं-येणं, मशीन मोकळं होण्याची वाट बघणं, आणि उतरल्यावर रक्तदाब खाली गेला असेल तर तो सावरेपर्यंत थांबणं. यात एक विचित्र सोय आहे: हे संकट वार ठरवून येतं. आमचे मंगळवार, गुरुवार, शनिवार. ज्यांच्या घरी व्यसन आहे, कोर्टाची भांडणं आहेत किंवा रात्री-बेरात्री उचल खाणारा आजार आहे, त्यांचं याहून अवघड. माझं सगळंच त्यांना लागू पडणार नाही.

तर, सांगितलं का? हो. पण आधी नवऱ्याला विचारलं. आजार त्याचा, तेव्हा त्याबद्दल किती बोलायचं हेही त्यानेच ठरवायचं. तो म्हणाला, ‘डायलिसिस आहे म्हणून सांग. पुढचं नको.’ मग साहेबांना सांगितलं, माझ्यानंतर टीम बघणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं आणि त्याच दिवशी टीमला. मध्ये रात्र जाऊ दिली नाही, कारण अर्धवट बातमी रात्रभरात कुठल्या कुठे जाते.

टीमसमोर जे बोलले ते कागदावर लिहून नेलं होतं. ‘माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालंय. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारनंतर मी नसेन. त्या वेळात माझा फोन लागणार नाही असंच धरून चाला. हे किती महिने चालेल, मला माहीत नाही. मी नसताना कोणता निर्णय कोण घेणार, ते आत्ता ठरवू.’ एवढंच. रिपोर्ट, आकडे, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नाही. ते ऐकणारी एक मैत्रीण होती आणि ती ऑफिसातली नव्हती, हे फार बरं झालं. ज्याचं अप्रेझल आपण करणार, त्याने आपले डोळे पुसायचे, हा त्याच्यावरच अन्याय आहे असं माझं मत. मला अलिप्त म्हणणारेही भेटले, म्हणोत.

खरी ओढाताण निर्णयांची होती. काम वाटून देणं सोपं असतं, निर्णय वाटून देणं जिवावर येतं. सुरुवातीला सहकारी क्लायंटला सांगायचा, ‘मॅडमना विचारून कळवतो.’ म्हणजे बुधवार सकाळपर्यंत सगळं ठप्प. मी त्याला म्हटलं, ‘विचारू नकोस. ठरव आणि मग मला सांग.’ काही दिवसांतच त्याने एका कामाची अशी तारीख दिली, जी मी मेले तरी दिली नसती. मी ती बदलली नाही. एकदा जरी बुधवारी येऊन मंगळवारचा निर्णय फिरवला असता, तरी पुढचे सगळे मंगळवार टीम हातावर हात ठेवून बसली असती. तारीख पाळताना सगळ्यांची दमछाक झाली, त्याची जरा जास्तच. पुढची तारीख त्याने बेताने दिली.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. आपली अडचण कळली की माणसं चांगुलपणाने वाईट बातम्या अडवायला लागतात. ‘राहू दे, त्यांच्या डोक्याला आधीच कमी आहे का!’ क्लायंटची तक्रार दोन दिवस दाबली जाते, कुणी राजीनाम्याच्या विचारात असेल तर ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. वरून मात्र सगळं शांत. टीम कशा काम करतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देतानाच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी कमी नाही, जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे माणसं चुकांबद्दल बोलायला घाबरत नव्हती. माझ्या टीममध्ये भीती नव्हती, दया होती. पण परिणाम भीतीचा होतो तोच: माणसं गप्प बसतात. म्हणून मी बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी आल्या आल्या विचारायचे, ‘बोला, माझ्यापासून काय लपवलंय?’ सुरुवातीला नुसतं हसू. मग एक मुलगी अडखळत म्हणाली, ‘मॅडम, एक आहे... पण तसं मोठं नाही.’ चांगलंच मोठं होतं. मी तिचे आभार मानले आणि आवाज चढू दिला नाही. आवाज चढला असता तर तो प्रश्न तिथेच संपला असता.

थकव्याबद्दल थोडं. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांचा 1997 सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकं ढासळतं, असं त्यांना दिसलं. पहाटे उठून हॉस्पिटल, ऑफिस, परत हॉस्पिटल करणाऱ्या माणसाचे 17 तास रात्री जेवायच्या सुमारासच भरतात. मग मी नियम केला की डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळनंतर पगारवाढ, अप्रेझल किंवा कुणाची कानउघाडणी, यातलं काहीही करायचं नाही. मेल लिहायचा, पण पाठवायचा सकाळी. त्यातले निम्मे मेल सकाळी पुसूनच टाकले.

कामाचा आधार वाटायचा का, हेही विचारतात. वाटायचा. ऑफिसात निदान काही प्रश्नांना उत्तरं असायची.

आणि थांबायचं कधी? नॉर्वेचे पंतप्रधान शेल माग्ने बोंडेविक यांनी 1998 साली पदावर असताना नैराश्यामुळे रजा घेतली, तीही कारण उघड सांगून. काही आठवड्यांनी ते परतले, पुढे सरकार पडलं, आणि 2001 मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. मला त्यांच्या धैर्याइतकीच मागची व्यवस्था महत्त्वाची वाटते: ते नसताना काम बघायला दुसरी व्यक्ती होती. देश चालतो, तिथे आपली टीम काय!

पण थांबायची वेळ ज्याची त्याला कळतेच असं नाही. दमलेला माणूस ‘मी ठीक आहे’ हे फार पटवून सांगतो. म्हणून मी साहेबांना आणि त्या सहकाऱ्याला एकत्र बसवलं आणि दोघांसमोर सांगितलं, ‘माझ्या हातून काम निसटतंय असं दिसलं तर याने थेट तुम्हाला सांगायचं, मला न विचारता.’ त्याला ते मुळीच आवडलं नाही. ‘तुमच्या मागे तुमच्याबद्दल बोलू?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘मागे कुठे? मीच सांगतेय ना.’

पुढे एकदा त्याने खरंच सांगितलं. बजेटचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या टीमलीडकडे दिलं गेलं. मला त्याचा इतका राग आला की कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्याने मात्र माझी मंगळवारची एकही मीटिंग चुकवली नाही.