कळण्याच्या पिठातली अमिनो आम्लं: २४ तासांऐवजी ४ तासांत

लायसिन हे शरीराला अन्नातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक); ते ज्वारीत कमी, उडदात भरपूर. म्हणून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा सकस. हे आकड्यांत मांडायचं तर आधी प्रथिनं फोडून अमिनो आम्लं सुटी करावी लागतात. रूढ पद्धत म्हणजे ६ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल, ११० अंश सेल्सिअस, २४ तास. जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात रात्री दोनदा वीज गेली, तर नमुना नेमका किती तास तापला हे सांगताच येत नाही. १४५ अंशांवर हेच काम ४ तासांत होतं.

पण घाई फक्त तापवण्यात आणि आटवण्यात करावी. दळण्यात नाही. कळण्यात उडदाची सालं असतात, ती पिठापासून वेगळी होऊन तळाशी किंवा कडेला जमतात. चिमूटभर पिठात कधी साल जास्त, कधी कमी. सगळं पीठ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईपर्यंत पुन्हा दळा, नीट कालवा, मगच वजन करा.

चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद असेल तर ७५ मिलिग्रॅम पिठात साधारण १० मिलिग्रॅम प्रथिन येतं. त्याला १० मिलिलिटर आम्ल घ्या. आम्लात ०.१ टक्का फिनॉल हवं, नाहीतर टायरोसिन हे अमिनो आम्ल क्लोरिनमुळे घटतं. आम्ल कमी घेऊ नका: पिठात स्टार्च भरपूर, द्रव काळा पडतो आणि नुकसान वाढतं. अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेला पदार्थ) म्हणून नॉरल्यूसिन याच आम्लात ०.५ मिलिमोलर विरघळवून ठेवा. खरा वेळ इथे वाचतो, कारण पुढे काही सांडलं तरी इतर अमिनो आम्लांचं त्याच्याशी गुणोत्तर बदलत नाही.

जाड काचेची, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची नळी निम्म्याहून कमी भरा. निर्वात करून नायट्रोजन सोडणं, असं तीनदा. निर्वात सावकाश करा, पीठ फसफसून वर चढतं. ऑक्सिजन राहिला तर मेथिओनिन पहिलं जातं. तापवण्याआधी आणि नंतर नळी तोला. वजन घटलं असेल तर झाकण गळलंय, तो नमुना टाकून द्या. नळी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, आत दाब असतो.

नंतर सगळे १० मिलिलिटर आटवत बसायची गरज नाही. गाळून १०० मायक्रोलिटर घ्या, निर्वातात वाळवा, थोडं पाणी घालून पुन्हा वाळवा, मग १ मिलिलिटर ०.०२ नॉर्मल आम्लात विरघळवा. आम्ल मागे राहिलं तर पुढे अमिनो आम्लं मोजण्यासाठी करायच्या अभिक्रियेचा सामू खाली येतो आणि लायसिन खोटं कमी दिसतं.

नवा पदार्थ असेल तर २, ४ आणि ६ तास अशा तीन नळ्या लावाच. सेरिन-थ्रिओनिन वेळेबरोबर घटतात, त्यांच्या आलेखाची रेघ मागे शून्य तासापर्यंत ओढायची. व्हॅलिन-आयसोल्यूसिन उशिरा सुटतात, त्यांचा ६ तासांचा आकडा धरायचा. ट्रिप्टोफॅन आम्लात टिकत नाही, त्याला ४.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि वेगळी नळी. सिस्टिनसाठी बर्फात रात्रभर परफॉर्मिक आम्ल, तिथे घाई नको.

हीच पद्धत सरकीच्या ढेपेला लावताना आधी हेक्झेनने तेल काढा. आणि लायसिनचा आकडा जपून वाचा: गॉसिपॉलने (सरकीतल्या विषारी द्रव्याने) बांधलेलं काही लायसिन आम्लात सुटतं, गुरांच्या पोटात मात्र तेवढं सुटत नाही.