दोस्तोव्हस्कीला वाचता न येणारी वही

मराठी लघुलेखनाच्या मिनिटाला ८० शब्दांच्या परीक्षेची तयारी करताना आमच्या बाई बजावत, की उतरवून घेतलेला मजकूर त्याच दिवशी पूर्ण लिहून काढावा, कारण रात्र उलटली की स्वतःच्याच खुणा लागेनाशा होतात. त्यामुळे रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्की आणि त्याची पत्नी आन्ना यांच्या सहजीवनाविषयी वाचताना मला सर्वप्रथम दिसते, ती दुपारी त्याचा मजकूर टिपून घेऊन घरी गेल्यावर तो सुवाच्य अक्षरात लिहिणारी २० वर्षांची मुलगी.

जुन्या रशियन पंचांगानुसार ४ ऑक्टोबर १८६६ रोजी ती पीटर्सबर्गमध्ये त्याच्याकडे कामाला गेली. कर्जबाजारी झालेल्या या ४४ वर्षांच्या विधुराने १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही, तर पुढची ९ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. दोघांनी मिळून ‘जुगारी’ २६ दिवसांत पूर्ण केली. प्रकाशक मुद्दाम भेटेना, तेव्हा हस्तलिखित पोलिसांकडे देऊन त्याची पावती घ्यावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांचे लग्न झाले.

पुढे १८६७ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे त्याने रुलेट या फिरत्या चाकावरच्या जुगारात पैसे घालवले, मग आन्नाची लग्नातील कर्णफुले आणि ब्रोच गहाण पडले, अंगठ्याही गेल्या. ती गरोदर होती. तो रडे, गुडघे टेकून क्षमा मागे आणि उरलेले पैसे घेऊन पुन्हा खेळायला जाई. पहिली मुलगी सोन्या जिनिव्हात जन्मली आणि तीन महिन्यांची होऊन वारली. त्या दुःखावर मला काही लिहवत नाही.

या साऱ्याला त्याग म्हणून मोकळे होणारे लेख मला पटत नाहीत. परदेशातील त्या वर्षी आन्ना लघुलिपीत रोजनिशी लिहीत होती, आणि नवऱ्याला ती लिपी येत नव्हती. भांडणे, चीड, त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीचे पत्र चोरून वाचताना झालेली तिची अवस्था, हे सगळे ती त्याच्या देखत लिहू शकत होती. ज्या विद्येने त्याची कादंबरी वाचवली, त्याच विद्येने तिने स्वतःसाठी एक खोली राखून ठेवली, असे मी मानते. तिला राग येत होता आणि ती त्याला सोडून जात नव्हती. या दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत. १८७१ मध्ये, त्याचे लेखन अडले असताना, खेळायला जाण्याचे तिनेच त्याला सुचवले. तो हरला आणि त्यानंतर रुलेटकडे पुन्हा वळला नाही.

उतारवयात आन्नाने रोजनिशीचा काही भाग स्वतः लिहून काढला आणि तसे करताना अनेक जागा सौम्य केल्या. उरलेला भाग मात्र खुणांतच राहिला. तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी दुसऱ्या एका लघुलेखिकेने तो उलगडला.