आरएक्स १००, सातवी नोंद: चेंबरमध्ये पडलेले पिस्टनचे लॉक

मागच्या नोंदीत माझ्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या, लेथवरून परत आलेल्या सिलिंडर ब्लॉकविषयी लिहिले होते. मूळचा ५० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आता ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज झाला आहे आणि त्याला जोडीचा नवा पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन), ती दोन्ही बाजूंनी जागेवर धरणारी तारेची दोन लॉक व एक जादा लॉक हाताशी होते. या रविवारी पिस्टन कनेक्टिंग रॉडवर चढवून, ब्लॉक बसवून, संध्याकाळपर्यंत हेड आवळायचे असा बेत होता. प्रत्यक्षात एक लॉक चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरखाली क्रँक फिरतो त्या पोकळीत, पाडणे आणि तेच बाहेर काढणे, यातच रविवार संपला.

चूक माझीच होती. डाव्या बाजूचे लॉक मी पिस्टन टेबलावर असतानाच बसवून घेतले होते, म्हणजे इंजिनावर फक्त उजवे बसवायचे उरते. चेंबरच्या तोंडात चिंधीही कोंबली होती. पण ती पिस्टनच्या स्कर्टखाली (खालच्या कडेखाली) अडकून पिन सरळ बसू देईना, म्हणून "एवढ्यापुरती" बाहेर काढली. तारेचे लॉक खाचेत अर्धे गेले असताना नोज प्लायरच्या टोकातून निसटले. आधी पिस्टनवर टिक् असा आवाज झाला आणि क्षणभराने खालून, जरा बसका, दुसरा.

अशा वेळी पहिली ऊर्मी होते ती किक मारून किंवा क्रँक फिरवून पाहण्याची, आणि टू-स्ट्रोकमध्ये नेमके तेच करू नये. या इंजिनात क्रँकचे वेब (त्याच्या जड गोल चकत्या) आणि चेंबरची भिंत यांच्यामध्ये फट फारच थोडी असते. त्या फटीत पोलादी तार सापडली तर ती ॲल्युमिनियमच्या भिंतीवर चर पाडते किंवा क्रँक जाम करते. शिवाय चेंबर आणि सिलिंडर ट्रान्सफर पोर्टने (मिश्रण वर नेणाऱ्या वाटांनी) जोडलेले असल्याने, इंजिन तसेच सुरू केले तर वर उडालेले लॉक पोर्टच्या कडेला रिंगेखाली येऊ शकते. मग पिस्टनबरोबर नुकताच केलेला बोअरही वाया जातो. फोर-स्ट्रोकमध्ये पडलेली वस्तू पुष्कळदा खाली तेलात जाऊन थांबते. माझ्या मित्राच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये रॉकरचा नट पुशरॉडच्या बोगद्यातून खाली गेला होता, तो टॅपेटचे झाकण उघडताच समोर दिसला. आरएक्समध्ये असे झाकण नाही. खालचा ड्रेन बोल्ट गिअर ऑइलचा. क्रँकच्या चेंबरशी त्याचा संबंध नाही.

दुसरा आवाज चेंबरमधलाच होता याची मला जवळपास खात्री होती, तरीही आधी जमीन तपासली. जुन्या स्पीकरचे मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीखालून आणि टेबलाखालून फिरवले. पिशवी उलटी केली की चिकटलेला कचरा आपोआप सुटतो. दोन वायसर आणि गेल्या महिन्यात हरवलेला एक स्क्रू मिळाला, लॉक मात्र नाही.

मग मोकळ्या उजव्या बाजूने गजन पिन ओढून पिस्टन पुन्हा उतरवला आणि मोबाइलला जोडायचा ५.५ मिलिमीटरचा एंडोस्कोप ट्रान्सफरच्या खाचेतून आत सोडला. पंधरा-वीस मिनिटे फक्त क्रँकच्या कडा आणि तेलाची चकाकी दिसत राहिली. शेवटी मागच्या बाजूला, वेबच्या अगदी खाली, साचलेल्या टू-टी (टू-स्ट्रोकच्या) तेलात अर्धे बुडालेले, जवळजवळ उभे राहिलेले लॉक दिसले. त्याची वरची कड वेबपासून जेमतेम नखभर अंतरावर होती. क्रँक पाव वळसाही फिरवला असता तर काय झाले असते, ते त्या चित्रात स्पष्ट दिसत होते.

लॉक पोलादी असल्याने मॅग्नेटने निघणार हे उघड होते. अडचण अशी की क्रँकही पोलादीच. बाजारातली घडीची मॅग्नेट-काठी आत घातली की ती लॉकपर्यंत पोहोचण्याआधीच वेबला चिकटते, आणि तिचे डोके त्या फटीसाठी जाडही पडते. पहिला प्रयोग म्हणून सायकलच्या लोखंडी आऱ्याच्या वरच्या टोकाला स्पीकरचे मॅग्नेट लावले, म्हणजे सगळा आराच चुंबक होईल. (स्टेनलेसचा आरा यासाठी बहुधा चालत नाही, आधी मॅग्नेट लावून पाहावे.) लॉक हलले, थोडे वर आले आणि तेलाच्या ओढीने सुटले. एवढ्या लांबीवर टोकाशी ओढ फारच कमी उरते.

दुसऱ्या खेपेस आऱ्याच्या खालच्या टोकालाच ३ मिलिमीटरचे निओडिमियम मॅग्नेट बसवले. ते नुसते डिंकाने चिकटवू नये, नाहीतर आत शोधायच्या वस्तू दोन होतात. मी त्यावर हीट-श्रिंक नळी गरम करून आवळली आणि वरून माशांच्या टाकीच्या हवेची नळी अशी सरकवली की मॅग्नेटचे फक्त टोक बाहेर राहील. या नळीमुळे कडेने क्रँकची ओढ लागत नाही, आरा सरळ खाली जातो. भाच्याने एंडोस्कोप धरला, मी मोबाइलच्या पडद्याकडे बघत आरा सोडला. तिसऱ्या प्रयत्नात लॉक टोकाला आडवे चिकटले, खाचेच्या कडेला अडले, तेव्हा आरा बोटांत थोडा फिरवून ते उभे केले आणि बाहेर घेतले.

वस्तू पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असती, समजा कार्ब्युरेटरचा जेट, तर मॅग्नेटचा उपयोग नव्हता. तिथे काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून वस्तू चिकटवून काढता येते, पण ती तेलात बुडालेली नसावी. तेही साधले नसते तर इंजिन फ्रेममधून उतरवून पालथे करणे हा माझा पुढचा बेत होता. केस फोडणे, म्हणजे इंजिनाचे कवच उघडणे, अगदी शेवटी, कारण त्यात मॅग्नेटो (क्रँकच्या टोकावरचे, वीज तयार करणारे चाक) ओढून काढायचा पुलर, नवे ऑइल सील आणि गॅस्केट असा सगळा पसारा येतो.

बाहेर आलेले लॉक मी तिसऱ्या, सुट्या नव्या लॉकवर ठेवून ताडून पाहिले. दोन्ही टोके शाबूत होती, तुकडा आत राहिलेला नव्हता. तरी ते परत वापरले नाही. एकदा वाकलेल्या तारेचा ताण कमी होतो. एंडोस्कोपने पुन्हा एक फेरी मारली, मग मॅग्नेटो हाताने धरून क्रँक सावकाश पाच-सहा वळसे फिरवला. कुठे खरखर नाही, अडकणे नाही.

नवे लॉक बसवताना चेंबरच्या तोंडावर चिंधीऐवजी रॉडसाठी चीर पाडलेला जाड कापड-तुकडा पसरला. तो स्कर्टखाली जात नाही. लॉकचे उघडे तोंड बाजूला न ठेवता वर ठेवले, कारण पिस्टनच्या वर-खाली धक्क्यांनी बाजूला तोंड असलेले लॉक आक्रसून खाचेतून सुटू शकते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे आहे हे दोनदा पाहिले. रात्री साडेनऊला ब्लॉक बसला आहे. हेडचे चार नट, कार्ब्युरेटर आणि ऑइल पंपातली हवा काढणे पुढच्या रविवारी.